अण्णांचा तारा

अण्णा कुणालाही पहिल्यांदा भेटले, की नमस्कार झाल्याबरोबर त्याचा हात धरत आणि तळवा आकाशाकडे उलटा करत. हे आता भविष्य सांगणार, असं वाटून माणूस जरा सावरून उभा राही. मग अण्णा म्हणत, "गेला बघ एक. आता हा आणखी एक." काय गेलं, हे विचारेपर्यंत हात सुटत नसे, आणि विचारलं की स्वारी खूश. आकाशातून विश्वकिरणांचे कण अखंड कोसळत असतात, छपरातून, डोक्यातून, तळहातातून आरपार जातात आणि आपल्याला पत्ता लागत नाही, हे ते बंगळूरच्या मल्लेश्वरम बाजारातल्या भाजीवालीला, विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसाला आणि नागपूरहून नुकत्याच आलेल्या माझ्यासारख्या विद्यार्थिनीला सारख्याच उत्साहाने सांगत.

"पण हे सगळे भटके," ते पुढे म्हणत. "वाटेत चुंबकी क्षेत्रं यांना इतकी फिरवतात, की कुठून निघालो ते त्यांनाच ठाऊक नाही. गॅमा किरण तसा नव्हे. घरून निघाला की सरळ येतो. त्याला घरचा पत्ता विचारता येतो."

त्यांचं नाव व्यंकटराव. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी संशोधनासाठी बंगळूरला आले तेव्हा ते निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. संस्थेला ते माहीत होतं, अण्णांना नसावं. रोज सकाळी डबा घेऊन ते बसने येत आणि संध्याकाळी सगळ्यांच्या नंतर जात. त्यांचं घराणं इतक्या पिढ्या बंगळुरात होतं, की महाराष्ट्रातलं मूळ गाव कोणतं हे घरात कुणालाच सांगता येत नव्हतं. मी "करून राहिले" म्हटलं की ते हसत, त्यांनी "स्वल्प थांब" म्हटलं की मी हसे. हे "स्वल्प थांब" कॉफीच्या फिल्टरला, संगणकाला आणि घाईने निष्कर्ष काढणाऱ्या विद्यार्थ्याला एकाच सुरात लागू असे.

तरुणपणी अण्णांनी चार मित्रांना घेऊन युद्धात वापरून टाकून दिलेले सर्चलाइटचे आरसे मिळवले आणि एका डोंगरावर नेऊन आकाशाकडे तोंड करून बसवले. गॅमा किरण वरच्या हवेवर आदळला की क्षणभर निळसर चमक उठते. डोळ्यांना ती दिसत नाही, आरशांना पकडता येते. एकमेकांभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांच्या एका जोडीकडून अशा चमका येतात आणि त्या जोडीच्या फेऱ्यांचा ताल धरून येतात, असं त्यांना आढळलं. लेख परदेशात छापून आला, अण्णांचं नाव झालं. घरात त्या जोडीला नुसतं "तारा" म्हणत, आणि त्याचा मान जावयाचा. अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, मला सांगत, की हंगामात आमच्याकडे पानं वाढायची ती तारा उगवायची वेळ बघून.

माझ्याकडे काम आलं ते हे, की त्या चमकांच्या नोंदींच्या जुन्या टेपा नव्या पद्धतीने तपासायच्या. तीच खूण अधिक ठळक होऊन बाहेर येईल, अशी सगळ्यांची खात्री होती. माझीही होती. प्रत्यक्षात ती फिकी होत गेली आणि शेवटी दिसेनाशी झाली. मी आधी स्वतःवर संशय घेतला, मग संगणकावर. दोघेही निर्दोष निघाले.

घोळ निराळाच होता. हवा गढूळ असेल त्या रात्रींची नोंद बाजूला काढायची, हा आमच्या धंद्यातला नेहमीचा रिवाज, आणि तो योग्यच आहे. पण हवा गढूळ होती हे ठरवायचं कसं? त्या काळी नुसत्या अंदाजाने. ज्या रात्री ताऱ्याकडून काही आलं नाही, त्या रात्री अंदाज नेमका "हवा वाईट" असा पडत असे. त्याच टेपांवर एका साध्या, स्थिर ताऱ्याचा उजेडही नोंदलेला होता. त्यावरून मी हवा तपासली, तर टाकलेल्यांपैकी कितीतरी रात्री लख्ख होत्या. त्या परत घातल्या आणि ताल विरून गेला. लबाडी कुणी केली नव्हती. त्यांचं त्या ताऱ्यावर प्रेम होतं, इतकंच.

त्यातच अण्णांच्या पंच्याहत्तरीचा सत्कार ठरला, आणि भाषण अर्थातच त्या ताऱ्यावर. माझे मार्गदर्शक म्हणाले, सत्कार होऊन जाऊ दे, म्हाताऱ्या माणसाला आत्ता दुखवू नकोस. सल्ला मला फार आवडला. पण अण्णा रोज टेबलाशी येऊन तारा काय म्हणतोय विचारत. भर सभेत ते जे सांगणार ते खरं नाही, हे मला माहीत असून मी खाली बसून टाळ्या वाजवायच्या, हे काही केल्या गळी उतरेना. एका रविवारी सकाळी मी कागदांची गुंडाळी घेऊन मल्लेश्वरमला त्यांच्या घरी गेले.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही "स्वल्प थांब" म्हणाले नाहीत, तेव्हा मला भीती वाटली. आलेख त्यांनी खिडकीपाशी नेऊन पाहिले.

"सगळ्या रात्री घातल्यास?"

"हो अण्णा. हवा चांगली होती त्या सगळ्या."

त्यांनी आलेख पुन्हा नीट गुंडाळून ठेवले. मग म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं. आम्ही तर आकाशच वाकडं ठरवलं की." आणि हसायला गेले, पण ते हसू काही नीट जमलं नाही. मला रडू आलं. अक्का कॉफी घेऊन आल्या आणि पोरीला का रडवलंत म्हणून त्यांनाच रागावल्या.

"सरी, ठीक आहे," अण्णा कप उचलत म्हणाले, "लिहायला घे. नाव पहिलं माझं."

मला वाटलं, धक्क्याने बोलतायत. मी म्हटलं, या लेखात तुमचं नाव कशाला, तो जुना लेख लोक विसरून जातील.

"पहिल्या लेखात पहिलं नाव कुणाचं होतं?"

"तुमचं."

"मग? जावई आणताना मी पुढे, आणि तो आपला नव्हे हे सांगायला तुला पुढे करू?"

सत्काराच्या दिवशी शाल अंगावर पडल्यावर अण्णांनी आपली चूकच सांगितली, आलेख दाखवून, वर्गात शिकवावं तसं. टाळ्या वाजवाव्यात की नाही, हे लोकांना कळेना. लेख छापून आला, पहिलं नाव त्यांचंच. त्यानंतर डोंगरावरच्या त्या चौघांपैकी एका मित्राने त्यांच्याशी बोलणं टाकलं. अण्णांना ते फार लागलं, पण त्याच्याविषयी वावगा शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकला नाही. डबा आणि बस चालूच राहिली.

दशक संपता संपता अण्णा गेले. संस्थेत शोकसभा झाली. आरशांबद्दल बोलणं झालं, डोंगराबद्दल झालं, त्यांच्या कॉफीबद्दल झालं. ताऱ्याचं नाव मात्र प्रत्येकाने सांभाळून टाळलं, मीसुद्धा. अक्का पहिल्या रांगेत बसल्या होत्या. सगळे उठायला लागले तेव्हा त्यांनी हात वर केला.

"ताऱ्याचं कुणीच का नाही बोललं?" त्या म्हणाल्या. "तिथून काही येत नव्हतं, हे जगाला सांगितलं कुणी? ह्यांनीच ना?"

मग मी परत उभी राहिले आणि ताऱ्याबद्दल बोलले.