सौंसरच्या आखाड्यातली खोटी कुस्ती

आमच्या घरात टाळांच्या चार जोड्या होत्या आणि त्यातली एकही मी मागितलेली नव्हती. मी चार वर्षांचा असताना देवी आल्या आणि डोळे घेऊन गेल्या. तेव्हापासून पांढुर्ण्यातला जो तो मला भजनाला बसवायला निघाला. माझा गळा फाटका, पहिल्याच ओळीला गल्लीतली कुत्री भुंकायची. तरी मामा टाळ आणणार, आत्या टाळ आणणार, "पोराचं मन रमंल" म्हणणार. तुला काय पाहिजे, हे मात्र एकानंही विचारलं नाही.

मला कुस्ती पाहिजे होती. आमच्या गल्लीमागे तालीम होती, तिचे वस्ताद दिवसा जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी बांधत. पंधराव्या वर्षी त्यांनी मला आत घेतलं. आधी सहा महिने नुसती माती खोदायला लावली, ताक आणि हळद कालवायला लावली. मग म्हणाले, "कुस्ती अंगाले अंग भिडल्यावर सुरू होते. तिथं डोळ्याचं काय काम?" अट एकच, जोडीदारानं आधी माझ्या मानेवर हात ठेवायचा. तीन हिवाळ्यांत मी इतकं शिकलो, की समोरच्याचं मनगट धरलं की तो कोणता पाय उचलणार ते कळायचं.

त्या वर्षी राज्यांची नवी वाटणी झाली. नागपूर तिकडे मुंबई राज्यात गेलं, आम्ही भोपाळच्या वाट्याला आलो. संत्र्याच्या हंगामात सौंसरला कुस्त्यांची दंगल भरली, तिथे एका साहेबानं हिंदीत लांबलचक भाषण ठोकलं. नए राज में सबको बराबर का मौका मिलेगा, म्हणे. मी लंगोट कसून, थंडीत कुडकुडत ते सगळं ऐकलं आणि खरं मानलं.

तिथली रीत अशी, की ज्याला कुस्ती हवी त्याचा हात धरून पंच त्याला आखाड्याभोवती फिरवतो. ज्याला भिडायचं असेल तो उठून त्याच्या हातावर हात मारतो. माझी एक चक्कर झाली. हातावर कोणाचा हात पडला नाही, कानावर "बिचारा" तेवढं पडलं. दुसरी चक्कर झाली. पंच थांबला, म्हणाला, "बस झालं बाबू. तुले शाल देतो, साहेबाजवळ जाऊन बस."

"शाल नको, जोड लावा," मी म्हणालो.

"तुले पाडून पाप कोणी घ्यावं?"

पाप! रोज विहिरीवरून दोन घागरी मी आणायचो, उन्हाळ्यात जिनिंगमध्ये पोती वाहायचो, तेव्हा यांचं पाप कुठे झोपलं होतं? आजही आठवलं की डोकं तापतं. मी तिथेच मातीत बसलो, उठायचं नाव घेतलं नाही. मागे पंचांची कुजबुज सुरू झाली. जरा वेळानं माझ्या तळहातावर एक राठ हात पडला. मोहगावचा शेतकऱ्याचा पोरगा होता, माझ्याच वजनाचा.

त्यानं माझ्या मानेवर हात ठेवला, ढोल वाजला. मी नीट ओढलंही नव्हतं, तर गडी खाली. लोकांनी टाळ्या पिटल्या, माझ्या गळ्यात हार पडला. अरे, पडणाऱ्याचं अंग शेवटपर्यंत ताठ असतं, आणि हा ओल्या पोत्यासारखा सैल पडला होता. मी त्याच्या छातीवरून हललो नाही. "कोणी सांगतलं तुले पडाले?"

"पंचानं," तो हळूच म्हणाला. "मले नव्हतं पडाचं, भाऊ."

मी हार काढून पंचाच्या हातात दिला. "ही कुस्ती झाली नाही. पुन्हा लावा."

"जिंकला ना? आता काय पायजे?"

माझ्यासोबत आलेले वस्ताद आखाड्यात उतरले. पंचाला न विचारताच त्यांनी त्या पोराचा हात पुन्हा माझ्या मानेवर ठेवला. मग मात्र तो लढला. मी दोनदा त्याचा पाय धरला, दोनदा त्यानं सोडवला. शेवटी त्यानं मला पाठीवर घेऊन असं आपटलं, की श्वासच अडकला. पाठ पूर्ण मातीला लागली. एवढा आनंद मला आयुष्यात झाला नव्हता. आणि लोक त्या पोराला शिव्या देत होते. आंधळ्याले पाडते, लाज नाही वाटत? विजयाचा फेटा त्याला दिलाच नाही.

निघताना त्यानं विचारलं, "पुढल्या वर्षी येशील, भाऊ?" मी म्हणालो, "येतो."

पुढल्या वर्षी वस्ताद तापानं पडलेले, म्हणून शेजाऱ्यासोबत गेलो. त्याला बाजार करायचा होता, मला आखाड्यापाशी सोडून तो गेला. पंच फार गोड बोलला. "तू मांडवात बस, जोड आली की हाक मारतो." मांडवात भजन चाललं होतं. कोणीतरी माझ्या हातात टाळांची जोडी दिली, पाचवी. मी ती गुडघ्यावर ठेवून हाकेची वाट पाहत बसलो. ढोल वाजले, थांबले, पुन्हा वाजले, माणसं पांगायला लागली.

मग माझ्या तळहातावर तोच राठ हात पडला. "कुठं होता, भाऊ? तीन चकरा मारल्या ना मी तुह्यासाठी. पंच म्हणे, तो भजनाले आला आहे."