स्कॅनमध्ये न दिसलेली डोकेदुखी

"याला क्लस्टर हेडेक म्हणतात," डोंबिवलीच्या आमच्या डॉक्टरांनी सांगितलं. क्लस्टर म्हणजे घोस. ही डोकेदुखी काही आठवडे रोज येते, मग महिनोन्‌महिने गायब होते. "लक्षणं स्पष्ट आहेत. तरी मेंदूचा सीटी स्कॅन एकदा काढून घ्या. क्वचित आत गाठ असली तरी असंच दुखतं."

मुलांनो, ही नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. अनिकेतचं डोकं तसंच दुखू लागल्याचं फोनवर कळलं, म्हणून लिहिते आहे.

तुमच्या आजोबांचा उजवा डोळा लाल व्हायचा, पाणी गळायचं, त्याच बाजूचं नाक चोंदायचं. रोज दुपारी साडेतीनला. मी वहीत वेळ लिहून ठेवत असे. पाच-दहा मिनिटांपलीकडे फरक नसे. अर्धशिशीचा माणूस अंधारात पडून राहतो. यांना पडवतही नसे. पाऊण तास खोलीत येरझारा घालत, भिंतीवर मूठ आपटत.

पण स्कॅन आम्ही काढला नाही. माझ्या नणंदबाई आल्या नि म्हणाल्या, "दादा, त्या यंत्रात कसला शिरतोस? अर्धशिशीच आहे. सूर्य उगवायच्या आत दूध-जिलेबी खा." तीन आठवडे जिलेबी झाली आणि दुखणं खरंच थांबलं. वन्संनी डॉक्टरांच्या नावाने बोटं मोडली, मीही हसले. घोस आपोआप संपला होता, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

पुढच्या वर्षी, त्याच महिन्यात, ते परतलं. या वेळी आजोबांना एरवीही अंधुक दिसू लागलं. डॉक्टर म्हणाले, "आता थांबू नका." गाठ असेल तर आपण एक वर्ष जिलेबीवर घालवलं, या विचाराने मी त्याच दिवशी स्कॅनची वेळ ठरवली.

ठाण्याच्या स्कॅन सेंटरमध्ये अडीचची वेळ दिली होती. तीन वाजले तरी नंबर येईना. आत वीस मिनिटं डोकं अजिबात हलवायचं नव्हतं, आणि साडेतीन जवळ येत होते. मी खिडकीत वही दाखवली. "काकू, इथे सगळेच आजारी आहेत," आतला माणूस म्हणाला.

आमच्या आधी कोलशेतची एक कोळीणबाई होती. तिने आजोबांचा चेहरा पाहिला. "जा गो बाय, तुज्या मानसाला आदी ने. माजं डोकं कुठं पलतंय?"

ते बाहेर आले तेव्हा साडेतीनला तीन मिनिटं कमी होती. पुढचा पाऊण तास त्यांनी जिन्यात काढला.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. नॉर्मल. अंधुक दिसणं चष्म्याच्या नंबराचं निघालं. मी देवापुढे साखर ठेवली. त्या दुपारी पुन्हा दुखू लागलं, तेव्हा माझ्या तोंडून गेलं, "अहो, आत काही नाही म्हणालेत ना? मग इतकं मनावर घेऊ नका."

भिंतीला कपाळ टेकवून ते म्हणाले, "म्हणजे मी नाटक करतोय?"

डॉक्टरांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "बाई, स्कॅनमध्ये गाठ दिसते, दुखणं दिसत नाही. गाठ नाही एवढंच कळलं. आता निर्धास्तपणे उपचार करू." पुढच्या वेळी दुखू लागताच नर्सिंग होममध्ये मास्क लावून ऑक्सिजन दिला, या डोकेदुखीवर तोच उतारा. पंधरा मिनिटांत आजोबांचा आवळलेला जबडा सैल झाला.

अनिकेत, डॉक्टरांनी सांगितलं तर स्कॅन टाळू नकोस. तो नॉर्मल आला आणि तरीही दुखलं, तर मला फोन कर. त्या दुपारी आजोबांना जे म्हणायला हवं होतं, ते मी तुला म्हणेन: दुखतंय ना, मग ते खरंच आहे.