मिठाची गुळणी

माझ्या नणंदेला गल्लीत सगळे भोंगा म्हणायचे. नाव मी ठेवलेलं नाही, पण ते पसरवायला माझा हातभार लागला, हे आधीच कबूल करते. ती दारात चपला काढता काढता काय बोलली ते कोपऱ्यावरच्या लाँड्रीवाल्याला कळायचं, आणि तो दुसऱ्या दिवशी मला त्यावर सल्ला द्यायचा. ती बाटल्या भरायच्या कारखान्यात कामाला होती, म्हणून लोकांना वाटायचं की तिथल्या यंत्रांवर मात करताना हिचा आवाज चढला. तसं काही नव्हतं. ती सात वर्षांची असताना सासूबाईंना मोठा ताप आला आणि त्यात त्यांचे कान गेले. अगदी सगळे नाही, एक फट उरली होती म्हणा. त्या फटीतून आत शिरणं बाकी कुणाला जमेना. ही पोरगी मात्र ओरडून ओरडून शिरली, आणि पुढे चोवीस वर्षं तोच आवाज घेऊन वावरली.

कानाचं मशीन आणलं होतं. ते कानात शिट्ट्या मारायचं, म्हणून सासूबाईंनी ते डबीत घालून फळीवर ठेवून दिलं. माझे यजमान आपल्याच मिशीशी बोलतात. माझा आवाज पातळ, चढवला की चिरकतो. सासूबाईंना माझे नुसते ओठ हलताना दिसायचे आणि तोंडाकडे बघून त्यांना वाटायचं, ही भांडतेय. कधी कधी मी भांडतच असायचे. आम्ही काहीही बोललो की त्या "बरं" म्हणायच्या. त्या "बरं"चा अर्थ मला लग्नानंतर महिन्याभरात कळला होता. ऐकू आलेलं नाही, पण तुला वाईट वाटायला नको, असा त्याचा अर्थ.

नणंदेला मात्र त्यांनी कधी "बरं" म्हटलं नाही. ती कामावरून आली की मागच्या खोलीत त्यांच्या पलंगावर पाय दुमडून बसायची आणि दिवसभराचं सगळं सांगायची. बाटल्यांच्या सरकत्या पट्ट्यावर कोण डुलक्या काढत होतं, सुपरवायझरचा केसांचा टोप पंख्याने कसा सरकला. सासूबाई मध्ये मध्ये प्रश्न विचारायच्या, खो खो हसायच्या. दिवसभरात त्यांचं तोंड तेवढा एक तास उघडायचं. मी स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायचे, माझं डोकं उठायचं.

तिला लहानपणापासून शिक्षिका व्हायचं होतं. बाहेरून परीक्षा देत देत तिने बारावी काढली, आणि एकतिसाव्या वर्षी प्राथमिक शिक्षकांच्या दोन वर्षांच्या कोर्सला तिचा नंबर लागला. कॉलेज दुसऱ्या गावात, राहायचं वसतिगृहात. अट एकच होती. कोर्स सुरू व्हायच्या आधी एखाद्या शाळेत पहिलीच्या वर्गात दहा दिवस बसायचं आणि वर्गाच्या बाईंचं पत्र आणायचं. तिने नोकरी सोडली. कारखान्यातल्या बायकांनी तिला रंगीत खडूंची पेटी दिली.

पहिल्या दिवशी वर्गाच्या बाईंनी सांगितलं, मुलांना जागेवर बसवा. हिने "चला, बसा बघू" म्हटलं. प्रेमानेच म्हटलं असणार, पण पहिल्या बाकावरच्या एका चिमुरडीने दप्तर छातीशी धरलं आणि उभ्या उभ्याच चड्डी ओली केली. मधल्या सुट्टीत बाईंनी हिला बाजूला घेतलं. त्या पोरीच्या घरी आवाज चढला की पाठोपाठ हात उठतो, असं सांगितलं. समोरचं मूल हाताच्या अंतरावर आहे असं समजून बोला, तळवा गळ्यावर ठेवून बघा, म्हणाल्या. आणि सवय नुसती शाळेत बदलत नसते, घरीही तसंच बोला. दहाव्या दिवशी जे दिसेल तेच पत्रात लिहीन, हेही स्पष्ट सांगितलं.

घरी येऊन ती रडली, तेही मोठ्याने. मग मीच पुढाकार घेतला. बाईंचं बरोबर आहे, आजपासून घरात हळूच बोलायचं, असा नियमच करून टाकला. तिने विचारलं, आणि आई? मी म्हटलं, दहाच दिवसांचा तर प्रश्न आहे. खरं सांगू का, मला त्या शांततेचा मोह पडला होता. बारा वर्षांत पहिल्यांदा मी संध्याकाळी दार उघडं टाकून पोळ्या लाटल्या.

तिसऱ्या दिवशी तिला राहवलं नाही, आईजवळ बसून ती जुन्या आवाजात मनसोक्त बोलली, पण त्या भरात अटीचं सांगायचं राहूनच गेलं. चौथ्या दिवशी वर्गात तोच आवाज निसटला आणि ती चिमुरडी बाकाखाली जाऊन बसली. त्यानंतर मात्र हिने धसका घेतला. पत्र हातात पडू दे वहिनी, मग आईशी पोटभर बोलेन, असं मला म्हणाली.

सासूबाईंना हे समजावणार कसं? लिहून दाखवावं तर त्यांना अक्षरओळख नाही. हिने गळ्यावर हात ठेवला, मान हलवली, हातानेच "हळू" अशी खूण केली. सासूबाईंना वाटलं, पोरीचा घसा बसला. गुडघे धरत त्या उठल्या, पाणी गरम केलं, त्यात मीठ घातलं आणि पेला हिच्या हातात दिला. रोज संध्याकाळी हाच प्रकार. ही बिचारी मुकाट्याने गुळण्या करायची. मी म्हटलं, आई समोर असताना तोंडात मिठाची गुळणी धरून बसायचं, आणि वर खरोखरची गुळणी करायची, हे भारीच आहे. विनोद मला इतका आवडला की मी तो यजमानांनाही सांगितला. ते हसले नाहीत.

सातव्या दिवशी पाणी गरम झालं नाही. नणंद आईपुढे बसून पुठ्ठ्याची अक्षरं कापत होती आणि हलक्या आवाजात काहीतरी सांगत होती. सासूबाई तिच्या ओठांकडे बघत होत्या. मग त्या म्हणाल्या, "बरं."

माझ्या हातातलं भांडं हातातच राहिलं. तिचं मात्र लक्ष नव्हतं, ती 'झ' कापण्यात गुंतली होती.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेल्यावर सासूबाईंनी फळीवरची डबी काढली. मशीन कानात घातलं, फिरवून बघितलं, पुन्हा काढून डबीत ठेवलं. मग मला हाताने जवळ बोलावलं.

"आता तेवढंही गेलं गं," त्या म्हणाल्या. "तिचंसुद्धा ऐकू येत नाही. पण तिला बोलू नकोस हं. कळलं तर ती जायची नाही."

मी तेव्हाच त्यांना समजावायला हवं होतं. खुणा करून, भिंतीवर डोकं आपटून, कसंही. निदान नणंदेला तरी सांगायचं. पण सांगितलं तर ती त्याच संध्याकाळी ओरडून बोलली असती आणि पत्र हातचं गेलं असतं. दोनच दिवस उरलेत, असा हिशेब करून मी मान डोलावली. गुळणी खरं म्हणजे मी धरली होती.

दहाव्या दिवशी पत्र मिळालं. आवाज सौम्य आहे, मुलं आपणहून जवळ येतात, असं बाईंनी लिहिलं होतं. ती चिमुरडी म्हणे फाटकापर्यंत हिचं बोट धरून आली. नणंद धावतच घरात शिरली आणि दारातूनच जुन्या आवाजात ओरडली, "आई, पत्र मिळालं!"

सासूबाई दाराकडे पाठ करून कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्यांची पाठ दचकली. त्या वळल्या, कानावर हात ठेवला आणि पुन्हा बोल म्हणाल्या. ती पुन्हा बोलली. त्यांचा चेहरा असा काही फुलला की मलाच रडू आलं. आणि मग तो हळूहळू उतरला.

"म्हणजे कान आहेत माझे," त्या म्हणाल्या. "मग इतके दिवस तूच तोंडात मिठाची गुळणी धरून बसली होतीस?"

तिने सगळं सांगितलं, ती चिमुरडी, सवय, बाईंची अट, सगळं. गल्लीभर ऐकू गेलं असेल. सासूबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आणि मीठपाणी मीच देत होते." त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, मी फरशीकडे बघत राहिले.

जायला दोन दिवस होते. ते दोन्ही दिवस ती आईजवळच बसून होती. पण वाक्य मोठ्याने सुरू व्हायचं आणि मध्येच खाली यायचं, तळवा आपोआप गळ्यावर जायचा. सासूबाई पुढे झुकायच्या. ती पुन्हा आवाज चढवायची, तो पुन्हा उतरायचा.

निघायच्या सकाळी बॅग दाराशी होती, यजमान रिक्षा घेऊन आले होते. तिने आईला मिठी मारली आणि कानाशी तोंड नेऊन बोलली, सुट्टी लागली की लगेच येईन, मग तुझ्याशी खूप बोलायचंय. ती रडत होती, आणि रडू आलं की कुणाचाही आवाज बसतो. मी हातभर अंतरावर उभी होते, मलाही जेमतेम ऐकू आलं.

सासूबाईंनी तिच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "बरं."

ती हसली, डोळे पुसले, बॅग उचलली. तो शब्द तिला ओळखता आला नाही. आयुष्यभर तो आम्हा बाकीच्यांसाठी होता. मला ओळखता आला, आणि मी तिला रिक्षापर्यंत सोडायला गेले.