कोरड्या विहिरीतली आसरा

लहानपणीच्या सवंगड्याची कादंबरी मी नांदेडच्या पुस्तकाच्या दुकानात पैसे मोजून घेतली. मागच्या पानावर लिहिलं होतं, ‘दुष्काळी गावातल्या मुलांनी केलेल्या भुतांच्या शोधाची गोष्ट.’ भुतं शोधणारे आम्ही दोघंच होतो, तो आणि मी.

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हाची गोष्ट. चाकूरजवळच्या आमच्या गावातल्या विहिरी त्या वर्षी आटल्या होत्या. विहिरीत साती आसरा राहतात, पोरांना पाण्यात ओढतात, वाकू नका, अशी आम्हाला दटावणी असे. पण आता पाणीच नाही, तर त्या राहतात कुठं? हा प्रश्न माझा होता. पुस्तकात तो नायकाला पडतो. असू दे.

उतरायचं कुणी, यावर वाद झालाच नाही. त्याला उंटावरून शेळ्या हाकायची सवय होती. दोर त्यानं घरून आणला, रहाटाच्या खांबाला वेढा दिला आणि टोक धरून वर उभा राहिला. मी खाली गेले. तळाशी भेगाळलेला गाळ, फुटकी घागर, एक चप्पल. मी वर तोंड करून ओरडले, “आरं, हितं कुनी न्हाई!”

विहिरीनं माझा आवाज घुमवून वर पाठवला. त्याला काय ऐकू आलं कोण जाणे. दोर सुटून सगळाच्या सगळा माझ्या अंगावर पडला आणि पळणारी पावलं ऐकू आली.

दुपार कलल्यावर दोन बायका झऱ्याचं पाणी साचलंय का बघायला आल्या. मला बघून एक किंचाळली, “आगं बया, आसरा!” मला हसू आलं आणि मग रडूच आवरेना. त्यांनी माणसं बोलावून मला दोरासकट वर काढलं.

घरी मी सांगितलं, एकटीच गेले होते. दोर माझ्या सवंगड्याच्या घरचा निघाला, तेव्हा तो मी चोरला असंही कबूल केलं. आईनं त्यांच्या दारातच मला बडवलं. तो त्याच्या आईमागं उभा होता. आत्ता बोलेल, मग बोलेल, असं मला प्रत्येक रट्ट्याला वाटत होतं. पुढच्याच आठवड्यात त्याच्या वडिलांची लातूरला नव्या कचेरीत बदली झाली आणि ते गाव सोडून गेले. मला गावात कितीतरी दिवस ‘दोरचोर’ म्हणत.

एवढ्या वर्षांनी तरी तो बोलेल, म्हणून मी वाचत होते. पोरानं घाबरून पळ काढला, एवढं एकच वाक्य मला हवं होतं. पण कादंबरीत बाकीच्या विहिरी आटून गावाला टँकर येतात आणि ही एक विहीर मात्र तुडुंब! तेवढ्या पाण्यात अख्खा तालुका जगला असता. त्यात नायक एकटा उडी मारतो. तळाशी त्याला एक मुलगी भेटते, फार पूर्वी बुडून मेलेली. ती अगदी शुद्ध भाषेत म्हणते, “मला मुक्ती दे.” तो देतो. मुलगी विरून जाते आणि नायक मोठा होतो. दोराचा उल्लेखच नाही.

मला राग यायला हवा होता. आधी हसूच आलं. मग फार एकटं वाटलं. त्या दुपारचे साक्षीदार आम्ही दोघंच, आणि त्यातल्या एकानं दुसरीला मारून टाकलं होतं. पुन्हा पहिल्या पानापासून बघितलं. अर्पणपत्रिका, ऋणनिर्देश, सगळं वाचलं. लातूरचे शेजारी होते, उदगीरचे मास्तर होते.

पुस्तक मिटलं. घरात मी एकटीच असते, त्यामुळे मोठ्यानं बोलायला लाज वाटत नाही.

“आरं, हितं कुनी न्हाई,” मी म्हणाले.

या वेळी पळून जायलाही कुणी नव्हतं.