सुई उडायची ती जागा

पुण्याच्या एका संग्राहकानं आमच्या मामूला फसवलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं तुम्ही कोणत्या कानानं ऐकायचं ते ठरेल.

मामू बीडमध्ये पालीकडं जाणाऱ्या रस्त्यावर पाण्याच्या जळालेल्या मोटारींना नवी तार भरून द्यायचा. आतून निघालेलं जुनं तांबं मी घ्यायचो. हातगाडीवर भंगार गोळा करत मी गोडाऊनपर्यंत आलोय. भाव पाडायला बसलो की समोरच्याला घाम फुटतो. पण मामूची रेकॉर्ड चालू असली की तो नुसता तळहात दाखवायचा.

"बाजू संपू द्या, सेठ."

रेकॉर्डची बाजू संपेपर्यंत ना मोटार, ना तांबं, ना भाव. एकदा पालीचा एक शेतकरी उसाचं पाणी थांबलंय म्हणून ओरडत आला. मामूनं त्यालाही स्टूल दिलं. तो माणूस शिव्या पुटपुटत बसला आणि शेवटी पायानं ठेका धरू लागला. तुम्ही असतात तर तुम्हीही बसला असतात.

तरुणपणी मामू मस्कतला कामाला होता. तिथला कुणी परदेशी इंजिनियर घरी परतताना रेकॉर्डची पेटी त्याला देऊन गेला. सगळं जॅझ. कव्हरवरचं एकही अक्षर मामूला वाचता येत नव्हतं, म्हणून त्यानं आपली नावं ठेवली होती: भांडखोर, दुपारची, धूरवाली. एकदा वैतागून मी विचारलं, ह्यात प्रत्येक जण आपलंच काय वाजवत सुटतो?

"मोंढ्यातला लिलाव हाय, सेठ. चौघं एकाच मालावर बोली लावायलेत. तुमाला तर कळायला पायजे."

त्या दिवसापासून मला थोडं कळायला लागलं.

धूरवालीच्या मध्यावर सुई उडायची. मामूची बायको, आमची भाभी, दारातून चहा घेऊन येताना टेबलाला धडकली होती, तेव्हाचा तो ओरखडा. पुढं भाभी गेली, ओरखडा राहिला. ती जागा जवळ आली की मामू एक बोट वर करायचा. टक् करून सुई उडायची आणि मामू दाराकडं बघायचा. मग बोट खाली. मी काही दर्दी नाही. पण मीही दाराकडं बघायचो.

मग कुणीतरी दुकानाचा व्हिडिओ टाकला आणि पुण्याहून तो रेकॉर्डींचा संग्राहक आला. ही मंडळी सध्या कोण काय ऐकतंय ते रोज एकमेकांना फोटो काढून दाखवतात म्हणे. त्याला सगळं ठाऊक होतं: कोणती प्रत कुठं छापली, कोणत्या साली. तो डोळे मिटून बसला. एक बाजू संपली, त्यानं दुसरी लावायला सांगितली. मामूचा चेहरा असा उजळलेला मी भाभी गेल्यापासून पाहिला नव्हता.

रेकॉर्डींना बुरशी लागली आहे, पुण्यात यंत्रावर धुऊन आणून देतो, असं तो म्हणाला. मी मामूला बाजूला घेऊन बजावलं, दोनच द्या, त्या परत आल्या की बाकीच्या. मामू माझ्यावरच चिडला.

"जो बाजू संपेपत्तर बसतो, तो चोर नसतो. तुमी कधी बसले का, फोन न बघता?"

पेटी गाडीत गेली.

पार्सल परत आलं. कव्हरं तीच, वर नवं प्लास्टिक. मामूनं धूरवाली लावली. आवाज काचेसारखा स्वच्छ. ती जागा आली, मामूनं बोट वर केलं आणि सुई सरळ पुढं निघून गेली. मामू दाराकडं बघत राहिला. बाजू संपली, सुई लेबलाजवळ घसटत राहिली, तरी बोट खाली आलं नाही. शेवटी मीच त्याचा हात धरून मांडीवर ठेवला.

जुन्या कव्हरांत संग्राहकानं नव्यानं छापलेल्या रेकॉर्डी घातल्या होत्या. मी फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "दादा, म्युझिक तेच आहे ना? उलट मी क्लीन कॉपी दिली आहे." मी आईमाईवरून बोललो. मग आयुष्यात पहिल्यांदा सौद्यात हात जोडले: तू म्हणशील तो भाव, फक्त ती एक दे. "मी कलेक्शन फोडत नाही," म्हणाला आणि फोन ठेवला.

पोलीस ठाण्यात जमादारानं विचारलं, रेकॉर्डी आहेत? आहेत. गाणी तीच? तीच. "मग गेलं काय, सेठ?"

मामू मात्र मानायलाच तयार नव्हता. "गफलत झाली आसंल. दोन्ही बाजू बसला व्हता त्यो. आणून देईल." दुकान बंद करून तो माजलगावला लेकीकडं गेला, तिथं अंथरुणाला खिळला. भेटायला गेलो की पहिला प्रश्न एकच: "आला का वो त्यो?"

एक दिवस त्या संग्राहकाचा व्हिडिओ माझ्या फोनवर आला. 'सध्या हे ऐकतोय.' मागं रेकॉर्डींची भिंत, पुढं फिरणारी धूरवाली. मी तसाच माजलगावला गेलो आणि फोन मामूच्या कानाशी धरला. डोळे मिटलेले होते, पण बोट बरोबर वर गेलं. टक्.

"आली," मामू म्हणाला. दाराकडं बघितलं. मग त्याला कळलं, की हे वाजतंय ते दुसऱ्याच्या घरात. त्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं. त्यानंतर त्यानं मला तो प्रश्न कधी विचारला नाही. पावसाळा संपायच्या आत गेला.

तो व्हिडिओ अजून आहे. खाली कुणीतरी विचारलंय, मध्ये तो आवाज कसला? संग्राहकानं उत्तर दिलेलं नाही. ते त्यानं मला द्यावं. फोनवर नको. इथं बीडला यावं, मामूच्या स्टुलावर बसावं, ती रेकॉर्ड लावावी, आणि सुई उडते तेव्हा त्याच्या घरात कोण येतं, ते बाजू संपायच्या आत सांगावं.