नमुन्याचा बाक

माझा मामा सुतार. बाजारात त्याला सगळे ‘मिलिमीटर’ म्हणत. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, हा फळी तिसऱ्यांदा मोजणारच. मामी म्हणायची, लग्नात याच्या हातात टेप नव्हती म्हणून तरी ते वेळेवर लागलं.

सरकारी शाळांच्या बाकांवरच त्याचं दुकान चालायचं. या वर्षी नऊशे बाकांचं टेंडर निघालं. अर्ज मी भरला, नमुन्याचा बाक त्याने केला. खात्याने नमुना पास केला आणि पंधरा दिवसांनी ‘तांत्रिक कारणास्तव’ टेंडरच रद्द केलं. पुन्हा निघालं तेव्हा काम एका ठेकेदाराला गेलं. त्या गृहस्थाने उभ्या जन्मात रंधा हातात धरला नसेल. त्याचा मंजूर नमुना कार्यालयाच्या व्हरांड्यात ठेवला होता. मामा तो बघून आला आणि जेवलाच नाही. बाक त्याचाच होता, वर चिठ्ठी तेवढी ठेकेदाराच्या नावाची.

तक्रार मी लिहिली. चार महिने चपला झिजवल्या, तेव्हा कुठे चौकशी लागली. चौकशी करणाऱ्या साहेबांच्या शेजारी ठेकेदार बसून चहा पीत होता, आम्ही उभे. बाक तुमचाच कशावरून, असं साहेबांनी विचारलं. मामाने खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, समोर आणून ठेवलेल्या बाकाचे चार स्क्रू सोडवले आणि बसायची फळी उलटी केली. आतल्या अंगाला पेन्सिलीने त्याची सही होती, खाली तारीख. आपल्या प्रत्येक कामावर तो अशी आतून सही करतो, हे मला त्या दिवशी कळलं. ठेकेदाराचा कप बशीत वाजला. मला इतका आनंद झाला की रडूच आलं.

साहेब मात्र थंड. त्यांनी टेंडरची पुस्तिका उघडून कलम चौदा वाचलं. नमुन्यावर नाव, सही, खूण काही चालणार नाही. आढळल्यास अर्जदार तीन वर्षं काळ्या यादीत.

“नमुना तुमचा आहे, हे तुम्हीच सिद्ध केलंत,” ते म्हणाले. “चिठ्ठी काय, कारकुनाच्या चुकीने बदलली असेल.”

ते कलम मी वाचलं होतं. सही ठाऊक असती तर मामाचा हात धरला असता. तीन वर्षं म्हणजे दुकानाला कायमचं कुलूप, हे दारातल्या शिपायालाही समजत होतं.

मामा उघड्या बाकाकडे बघत होता. “फळी बसवून देऊ का?” त्याने विचारलं.

“बसवा, पण नीट बसवा,” साहेब म्हणाले. “यांना त्यावरून नऊशे करून घ्यायचेत.”