बाटली नको, बॅगही नको

मैत्रिणींनो, आज दारव्ह्याला सोयाबीनचं बियाणं आणायला मी आणि माझी जाऊ सुनंदा गेलो होतो. दुकानदार म्हणाला, "बॅगसोबत ही पिकाच्या टॉनिकची बाटली घ्याच लागते. नाही तर बॅग नाही भेटत."

मागच्या वर्षी अशीच बाटली आमच्या गळ्यात मारली होती. पेरल्यावर पावसानं दडी मारली, विकतचं बियाणं उगवलंच नाही आणि दुबार पेरणी करावी लागली.

मी तरीही पैसे काढायला पिशवी उघडत होते. सुनंदानं माझा हात धरला.

"भाऊ, बाटली बी ठेवा अन् बॅग बी ठेवा."

तो हसला. "मंग पेरसान काय?"

"घरचं."

खरं सांगते, मला धाकधूक होती. घरी येताच तिनं ओलं गोणपाट उलगडलं. चार दिवसांपूर्वी तिनं त्यात घरच्या सोयाबीनचे शंभर दाणे गुंडाळले होते. मोड आलेले आम्ही दोनदा मोजले, अठ्ठ्याहत्तर भरले. शंभरात सत्तरच्या वर उगवले की बियाणं पेरायला चांगलं.

यंदा आम्ही घरचंच पेरणार. तेही अर्धं आधी आणि अर्धं आठ दिवसांनी, म्हणजे पावसानं दगा दिला तरी सगळं जाणार नाही.

तुमच्याकडेही अशी बाटली गळ्यात मारतात का? तुम्ही घेता, की परत फिरता?